भाताचा पेंढा, बुरशी आणि थ्रीडी प्रिंटर

पुणे जिल्ह्यातल्या मुळशी खोऱ्यात दिवाळीच्या मागेपुढे भाताची झोडणी सुरू होते आणि खळ्यालगत पेंढ्याच्या उडव्या उभ्या राहतात. ज्यांच्या गोठ्यात जनावरे आहेत त्यांचा हा वर्षभराचा चारा आहे, आणि पेंढा आधी गोठ्यालाच गेला पाहिजे. त्यात दुसरा विचार नको. पण ज्या घरांतली जनावरे गेली तिथे उडवी पावसात भिजून काळी पडते, नाहीतर पेटवली जाते. भाताच्या गिरणीमागे तुसाचे ढीग साचतात ते वेगळेच. हा लेख त्या उरलेल्या पेंढ्यासाठी आणि तुसासाठी आहे. त्यात जिवंत बुरशी वाढवून, त्याचा लगदा थ्रीडी प्रिंटरने थर देत उभा करता येतो. हे काम गावातल्या शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा बचत गटाच्या शेडमध्येही होऊ शकते.

यात बुरशी नेमके काय करते? अळिंबी म्हणून आपण खातो ते तिचे फळ. खरी बुरशी म्हणजे पेंढ्यात पसरणारे पांढऱ्या तंतूंचे जाळे, मायसेलियम. हे तंतू काडीतला सेल्युलोज आणि लिग्निन खात पुढे सरकतात आणि सरकताना एका कणाला दुसऱ्या कणाशी घट्ट विणतात. डिंक, सिमेंट, भट्टी यातले काहीच लागत नाही. प्रिंटर फक्त आकार देतो, बांधकाम बुरशी करते. या कामातल्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात. लोक महिनाभर यंत्र जुळवत बसतात आणि तंतूंना हवा, ओल आणि वेळ द्यायला विसरतात.

जगात हे काम बरेच पुढे गेले आहे. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा पीएस-वन या कलासंस्थेच्या अंगणात सुमारे 10,000 मायसेलियम विटांचा मनोरा उभा राहिला. त्या विटा साच्यातल्या होत्या, प्रिंटरवरच्या नव्हत्या. झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी 2022 च्या अखेरीस गॅनोडर्मा बुरशीचे तंतू जेलमध्ये मिसळून जाळी छापली. चीर पडली तर ती जाळी वाढून स्वतःच बुजवते. लंडनच्या ब्लास्ट स्टुडिओने कॉफीच्या टाकाऊ कागदी कपांचा लगदा आणि मायसेलियम यांचा माणसाहून उंच खांब छापला. आपल्याकडे 2016 च्या कोची बिएनालेच्या वेळी फोर्ट कोचीत लाकडी सांगाड्यावर नारळाच्या काथ्याच्या भुशात बुरशी वाढवून एक मंडप केला होता. तो छापलेला नव्हता. पण दमट हवेत, साध्या साहित्यात काय जमते हे त्यातून दिसले, आणि ताम्हिणीचा पाऊस अंगावर घेणाऱ्या मुळशीकरांना त्यातून शिकण्यासारखे जास्त आहे.

अशी छायाचित्रे पाहून कोणी घर छापायचे मनात आणत असेल, तर थांबा. बांधकामाच्या सर्वांत हलक्या प्रतीच्या विटेलाही दर चौरस मिलिमीटरला 3.5 न्यूटन दाब सोसावा लागतो. बुरशीने विणलेला पेंढ्याचा ठोकळा बहुधा 1 न्यूटनच्या आतच दबतो, आणि भिजला की आणखी मऊ होतो. वजन पेलणारी भिंत, छत, जिना, कठडा यासाठी तो वापरूच नका. मात्र तो वजनाला अतिशय हलका असतो, उष्णता अडवतो आणि आवाज शोषतो. म्हणून आतली आडभिंत, वर्गातल्या घुमणाऱ्या भिंतीवरच्या फळ्या, पत्र्याखालचे अस्तर, दिव्याच्या छत्र्या, कारखान्यांना लागणारे वस्तू बसवायचे खोके ही त्याची जागा. आणि गणपतीचे मखर! 2018 मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. तेव्हापासून हलक्या, कोरीव, विसर्जनानंतर मातीत जाणाऱ्या साहित्याची गरज आहे. पिरंगुटच्या कारखान्यांना थर्माकोलचे जे ठोकळे लागतात, त्यांचीही जागा हे साहित्य घेऊ शकते.

पुण्यात राहणाऱ्याला या कामात एक मोठा लाभ आहे. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी संशोधन प्रकल्पाचे केंद्र आहे. तिथे धिंगरी अळिंबीचे बी, म्हणजे स्पॉन, मिळते आणि लागवडीचे प्रशिक्षणही होते. प्रशिक्षण आधी घ्या, प्रिंटर मग आणा. आघारकर संशोधन संस्थेत देशाचा राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. शुद्ध वाण लागणाऱ्या महाविद्यालयांनी तिकडे रीतसर विचारावे. यंत्रासाठी शिरूर तालुक्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम पाहून या. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तो सुरू केला आणि 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, तिथे उभी राहिली. खेड्यातली मुले यंत्र स्वतः खोलून दुरुस्त करतात, हे तिथे बघायला मिळते.

पहिल्या कामासाठी धिंगरीच घ्या. ती भराभर वाढते, पेंढा तिचा आवडता, आणि थोडी चूक सहन करते. गॅनोडर्मा अधिक चिवट आणि टणक कातडे देते, पण सावकाश वाढते. शिवाय ती नारळासारख्या झाडांच्या मुळांवर रोग आणू शकते, त्यामुळे तिचा कचरा सांभाळावा लागतो.

मुळशीत कोणत्या महिन्यात काम काढावे, यावर अर्धे यश अवलंबून आहे. जून ते सप्टेंबर हवेत ओल भरपूर असते, पण हिरव्या बुरशीचे, म्हणजे ट्रायकोडर्माचे, बीजाणूही तितकेच असतात. धुके खिडकीतून आत येते आणि छापलेला तुकडा चार दिवसांत हिरवा पडतो. वाळवणे तर जवळजवळ अशक्यच. एप्रिल-मे मध्ये पारा 35 अंशांच्या वर गेला की धिंगरी मंदावते. त्यामुळे ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सोन्याचा. ताजा, न भिजलेला पेंढा तेव्हाच मिळतो, ऊनही कोरडे असते. डिसेंबरच्या रात्री पारा 10-12 अंशांवर उतरतो, तेव्हा वाढीची पेटी गोधडीत गुंडाळा किंवा आत थर्मोस्टॅटला जोडलेला छोटा दिवा ठेवा. 24 ते 28 अंश हे धिंगरीचे घर. मखर हवे असेल तर ते आदल्या थंडीतच छापून, वाळवून, कोरड्या माळ्यावर ठेवावे लागेल. श्रावणात सुरुवात करून गणपतीला मखर तयार होणार नाही.

आता लगदा. इथे घाई करू नका, सगळे काम त्याच्यावर आहे.

पेंढा पिवळाधमक, वासाला स्वच्छ घ्या. काळे डाग पडलेला नको. चाफकटरने बारीक करून पिठाच्या गिरणीतून किंवा हॅमर मिलमधून काढा आणि 2-3 मिलिमीटरच्या चाळणीने चाळा. लांब काडी राहिली की ती प्रिंटरच्या नळीच्या तोंडाशी आडवी बसते आणि तिच्यामागे सगळा लगदा अडतो. कणाचा आकार तोंडाच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठा नसावा, हा हिशेब धरा. तूस थोडाच मिसळा. त्यात सिलिका भरपूर असते, म्हणून बुरशी तो सावकाश खाते आणि यंत्राचा स्क्रू झिजतो. पण तीच सिलिका वाळलेल्या तुकड्याला आगीपुढे थोडा तग देते. दहा भाग पेंढ्याला दोन भाग तूस पुरे.

बी थेट छापायच्या लगद्यात टाकून लगेच छापण्याचा मोह होतो. मी तसे सुचवणार नाही. आपल्याकडचे स्पॉन गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यावर असते. तो दाणा नळी अडवतो आणि वाढ तुटक होते. त्याऐवजी काम दोन टप्प्यांत करा.

पहिला टप्पा नेहमीच्या अळिंबी लागवडीसारखाच. पेंढ्याच्या भुकटीत दहा टक्के तांदळाचा कोंडा मिसळा आणि मुठीत घट्ट दाबल्यावर बोटांतून एखाद-दुसरा थेंब येईल इतकेच पाणी घाला. पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्यांत भरून प्रेशर कुकरमध्ये दीड तास वाफ द्या. नुसत्या पेंढ्याला गरम पाण्याचे निर्जंतुकीकरण पुरते, पण कोंडा घातला की पुरत नाही, तो हिरव्या बुरशीलाही तितकाच आवडतो. बरेच शेतकरी बाव्हिस्टिन आणि फॉर्मालिनच्या पाण्यात पेंढा भिजवतात. हा लगदा तुम्ही पुढे हाताने कालवणार, घरात ठेवणार, मुले त्याला हात लावणार, म्हणून इथे ती रसायने नकोत. पिशव्या हाताला थंड लागेपर्यंत थांबा, मग पंखा बंद करून, हात स्पिरिटने पुसून बी भरा. अंधाऱ्या जागी साधारण दोन आठवड्यांत पिशवी पांढरी होते.

दुसऱ्या टप्प्यात पिशवी फोडून तो पांढरा ठोकळा स्वच्छ हाताने कुस्करा आणि स्पिरिटने पुसलेल्या मिक्सरमध्ये थांबत-थांबत फिरवा. भांडे हाताला कोमट लागले की थांबा, 40 अंशांवर तंतू मरू लागतात. नंतर पुन्हा 2-3 मिलिमीटरच्या चाळणीतून काढून उरलेले दाणे वेगळे करा. तंतू तुटले म्हणून घाबरू नका. प्रत्येक तुकड्यातून नवी वाढ फुटते, आणि आता ती सगळीकडून एकदम फुटते. बुरशीने पेंढा आधीच व्यापलेला असल्यामुळे परक्या बुरशीला शिरकाव कठीण जातो. याच कारणासाठी मी दोन टप्प्यांचा आग्रह धरतो.

छापताना आकार टिकावा एवढ्यापुरता लगद्याला चिकटपणा हवा. झँथन गम चालतो, पण आपल्याकडे इसबगोल आणि गवार गम किराणा दुकानात मिळतात आणि दोन्ही उत्तम काम करतात. उकळून थंड केलेल्या पाण्यात इसबगोल फुलवा. ओल्या लगद्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांपासून सुरुवात करा. गवार गम दीड टक्का पुरतो. सोबत कुकरमध्ये वाफवलेले थोडे तांदळाचे पीठ घाला, म्हणजे तुटलेल्या तंतूंना लगेच खाऊ मिळतो. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मिश्रणात कॉफीचा चोथा, हातसडीच्या तांदळाचे पीठ, झँथन गम, पाणी आणि गॅनोडर्माचे बी होते. तांदूळ तर मुळशीचाच. भरडताना निघालेली कणी वापरा, चांगला तांदूळ यात घालू नका.

लगदा जमला की नाही हे यंत्रावर तपासू नका, चकलीच्या सोऱ्यावर तपासा. चांदणीच्या भोकाची चकती लावा आणि ताटात वेटोळ्यावर वेटोळे देत चार बोटे उंचीची नळी उभी करा. काठावरची टोके स्पष्ट उमटली, खालचे वेटोळे दबून पसरले नाही आणि बाजूने पाणी सुटले नाही, तर लगदा यंत्रात घालायला हरकत नाही. पाणी सुटत असेल तर गम वाढवा, पाणी कमी करू नका. कोरडा लगदा जोर लावल्यावर पाणी पुढे ढकलतो आणि काडी मागे ठेवतो. काठ फाटत असतील तर भुकटी अजून बारीक हवी. हा सोऱ्या यापुढे स्वयंपाकघरात नेऊ नका. ज्यांना प्रिंटर परवडत नाही त्यांनी सोऱ्यावरच लहान वस्तू कराव्यात. बुरशीला दोन्ही सारखेच.

प्रिंटरच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. प्लॅस्टिकची तार वितळवणारे नेहमीचे यंत्र जसेच्या तसे चालत नाही. त्याचा तापणारा भाग काढून माती छापतात तसा दट्ट्याचा किंवा स्क्रूचा एक्स्ट्रूडर बसवावा लागतो. तोंड 6 ते 10 मिलिमीटर, थराची उंची त्याच्या निम्मी, गती मंद. क्युरासारख्या सॉफ्टवेअरमध्ये स्पायरलाइज नावाचा पर्याय आहे. त्यात तोंड न थांबता, न उचलता चक्राकार वर चढते, आणि लगद्याला नेमके तेच हवे असते. नळीत लगदा भरताना हवा कोंडू देऊ नका, प्रत्येक बुडबुडा छपाईत खाच पाडतो.

आकृती काढताना बुरशीच्या श्वासाचा विचार करा. तिला प्राणवायू लागतो. तीन सेंटिमीटरपेक्षा जाड भरीव भिंतीच्या पोटात वाढ कोंडते आणि आंबूस वास सुटतो. म्हणून पोकळ, नागमोडी, जाळीदार आकार काढा. त्यांना पृष्ठभाग जास्त मिळतो आणि ताकदही. बाहेर फार झुकणारे काठ टाळा. एका बैठकीत वीतभरापेक्षा उंच जाऊ नका, ओला लगदा स्वतःच्याच वजनाने बसतो.

मग माणसाएवढे मखर कसे करायचे? लहान तुकडे छापा आणि त्यांना एकमेकांत वाढू द्या. साहित्य जिवंत असण्याचा खरा उपयोग इथे आहे. छापल्यावर चार-पाच दिवसांनी तुकड्यावर पांढरी लव येते, पण जाड साय धरलेली नसते. त्या वेळी जोडायच्या दोन्ही बाजू उकळत्या पाण्यातून काढलेल्या काट्याने हलकेच खरवडा, एकमेकींना टेकवा, वर थोडे वजन ठेवा आणि पेटी बंद करा. तीन-चार दिवसांत सांधा हाताने उचलण्याइतका पक्का होतो. वॉशिंग्टनच्या त्याच गटाने एका फुलदाणीचे तीन भाग वेगळे छापून असेच एकजीव केले होते. तुकड्याचा कोपरा मोडला तरी हाच उपाय. मात्र सगळे तुकडे एकाच बियाण्याच्या पिशवीतले असू द्या. वेगवेगळ्या वाणांचे तंतू एकमेकांत मिसळत नाहीत, मध्ये सीमारेषा धरतात.

वाढीची पेटी म्हणजे झाकणाचे मोठे प्लॅस्टिकचे खोके. बाजूला भोके पाडून त्यात कापूस घट्ट बसवा, तळाशी उकळून पिळलेला पंचा ठेवा आणि त्यावर जाळीच्या ताटलीत तुकडा. वर थेंब साचू देऊ नका, थेंब पडेल तिथे जिवाणू वाढतात. रोज कापसाच्या भोकाशी नाक लावून बघा, झाकण मात्र तोंडाला मास्क लावूनच उघडा. ताज्या अळिंबीचा वास म्हणजे सगळे ठीक. आंबट वास आला तर हवा कमी पडते आहे. हिरवा ठिपका दिसला तर तो तुकडा पेटीसकट अंगणापार नेऊन उघडा. घरात झटकू नका, ते बीजाणू पुढच्या दहा कामांना नडतील. पिवळसर थेंब मात्र धोक्याचे नसतात, ते बुरशीचेच असतात. सात ते दहा दिवसांत साय धरते आणि तुकडा कोंबडीच्या पिसासारखा मऊ लागतो.

यानंतर त्याला जिवंत ठेवायचे की मारायचे, हे ठरवावेच लागेल. जिवंत ठेवलेला तुकडा पेंढा खातच राहतो. म्हणजे तो दिवसेंदिवस कमकुवत होतो, आणि उजेड-वारा लागला की त्यावर धिंगरीची छत्रे उगवतात. ती छत्रे लाखोंनी बीजाणू सोडतात आणि बंद खोलीत दम्याच्या माणसाला त्यांचा त्रास होतो. घरात ठेवायची वस्तू म्हणूनच पुरती वाळवून मारावी. आधी कोरड्या उन्हात दोन-तीन दिवस, मग 60 ते 70 अंशांच्या ओव्हनमध्ये किंवा ड्रायरमध्ये, लागोपाठ दोन वजने सारखी येईपर्यंत. वाळताना तुकडा आकसतो. पहिला तुकडा ओला आणि सुका मोजा आणि पुढची आकृती तेवढी मोठी करा. वाळल्यावर चुन्याची पातळ सफेदी लगेच सुकेल अशी द्या. चुना परकी बुरशी दूर ठेवतो.

मुळशीत एक प्रयोग जरूर व्हावा असे मला मनापासून वाटते. इथल्या जुन्या घरांत कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंती अजून सापडतात. मोडलेल्या घराची सुकी कारवी उकळून, वाळवून तिची दोन फूट रुंद चौकट विणा आणि लगद्याचे थर त्या चौकटीवर द्या. बुरशीला कारवीही खाद्यच असल्यामुळे ती काड्यांना धरून बसते आणि फळीला आतून आधार मिळतो. नुसता लगदा जिथे वाकतो तिथे काडी ताण घेते. वरून मातीचा पातळ लेप दिला की वर्गाच्या भिंतीला लावण्याजोगी फळी तयार होते. यासाठी वनखात्याच्या जागेतली कारवी तोडू नका, बांधावरचा बांबूही तितकाच चालतो.

मखरात समई-निरांजन ठेवणाऱ्यांनी ज्योत आणि मखर यात हातभर अंतर ठेवा. हे साहित्य थर्माकोलसारखे भडकत नाही, पण पेंढा तो पेंढाच, जळायला वेळ लागतो इतकेच. पेंढ्याऐवजी छापील कागदाचा लगदा वापरला असेल तर त्यावर उगवलेली अळिंबी खाऊ नका, शाईतले घटक तिच्यात उतरू शकतात. काम संपलेले तुकडे फोडून, भिजवून शेणखताच्या खड्ड्यात घाला. लहान केले तर ते लवकर मातीत मिळतात. गॅनोडर्माचे तुकडे मात्र आधी पाण्यात तासभर उकळा आणि खड्डा नारळ, पोफळी, आंबा यांच्या मुळांपासून लांब ठेवा.